ग्लेनको आणि रॅनॉख मूर : डोंगर आणि पाणी टिपायला चार दिवसांचा मुक्काम

स्कॉटलंडला फिरायला येणाऱ्या बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. एडिंबराचा किल्ला, लॉख नेस, स्काय बेट आणि परत. मधे ग्लेनकोच्या दरीत बस थोडा वेळ थांबते, सगळे उतरून एकाच जागेवरून फोटो काढतात आणि पुढे निघतात. तुम्ही कॅमेरा घेऊन मुद्दाम डोंगर आणि पाणी टिपायला येणार असाल, तर हा कार्यक्रम बाजूला ठेवा. चार दिवस असतील तर चारही दिवस एकाच परिसरात काढा. इथली हवा तासातासाला पालटते. सकाळी जिथे समोरचा डोंगरही दिसत नव्हता, तिथेच दुपारी ढग फाटून उताराच्या एका पट्ट्यावर ऊन पडतं आणि पाच मिनिटांत जातं. ते ऊन मिळायचं तर तिथे हजर असावं लागतं, आणि हजर राहायचं तर जागा आधीपासून ओळखीच्या हव्यात.

परिसर कुठला, याबद्दल माझं मत ठाम आहे. ग्लासगोहून उत्तरेला जाणाऱ्या ए८२ रस्त्यावर ब्रिज ऑफ ऑर्की ते बॅलाहूलिश हा जेमतेम चाळीस किलोमीटरचा टापू. त्यात रॅनॉख मूरचं उघडं पाणथळ माळरान आहे, बुआखल एटिव्ह मोरचा सुळका आहे, ग्लेनकोची खोल दरी आहे, गोड्या पाण्याची लहानमोठी तळी आहेत आणि टोकाला लॉख लेव्हन हा समुद्राचा जमिनीत घुसलेला फाटा आहे. (इथे दोन्हींना लॉखच म्हणतात, लहान तळं असेल तर लॉखन.) आणखी उत्तरेचे टॉरिडन किंवा असिंट हे परिसर यापेक्षा कमी सुंदर नाहीत, पण तिथे पोचण्यातच एक दिवस जातो. पहिल्या खेपेला ग्लेनकोच धरा.

कधी यायचं

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना दोनच मोठ्या सुट्ट्या मिळतात, आणि सुदैवाने दोन्ही इथल्या चांगल्या काळाशी जुळतात. मे महिना पश्चिम हायलँड्समध्ये वर्षातल्या कमी पावसाच्या महिन्यांपैकी आहे. शिखरांच्या घळींत बर्फाचे पट्टे शिल्लक असतात, बर्चच्या झाडांना कोवळी पालवी असते आणि मिज हे चावरे कीटक महिन्याच्या मध्यापर्यंत तरी फारसे नसतात. अडचण एकच: दिवस अतोनात मोठा. जूनच्या मध्याला तर सूर्य पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. उगवतीचा आणि मावळतीचा असे दोन्ही फोटो हवे असतील तर झोप दुपारी काढावी लागते.

माझी पसंती दिवाळीच्या सुट्टीला. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात माळावरचं गवत तांबूस होतं, उतारांवरचे नेचे गंजाच्या रंगाचे होतात, बर्च पिवळे पडतात आणि त्यांच्यामागून लार्च सोनेरी होतात. तिसऱ्या आठवड्यात सूर्योदय सकाळी आठच्या आसपास आणि सूर्यास्त संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे नाश्ता-जेवण माणसाच्या वेळेला होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. त्या आठवड्यात येणार असाल तर वेळा नीट तपासा. याच दिवसांत तांबड्या हरणांचा माजाचा हंगाम असतो आणि नरांच्या डरकाळ्या दरीत घुमत असतात.

ऑगस्टमध्ये हेदरची झुडपं जांभळी फुलतात, पण गर्दीही असते आणि मिजही. डिसेंबर-जानेवारीत बर्फाचे डोंगर मिळतात, पण दिवस नऊच्या जरा आधी सुरू होऊन पावणेचारला संपतो.

पहिलं काम : सूर्य कुठून येतो ते नकाशावर बघा

घरबसल्या करायचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. ग्लेनको साधारण ५६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मुंबईत वर्षभरात सूर्योदयाची जागा क्षितिजावर सुमारे ६५ ते ११५ अंशांत फिरते, म्हणजे सूर्य ढोबळमानाने पूर्वेलाच उगवतो असं आपण धरून चालतो. इथे तसं धरलं तर फसाल. जूनमध्ये सूर्य ४४ अंशांवर, म्हणजे थेट ईशान्येला उगवतो. डिसेंबरमध्ये १३६ अंशांवर, आग्नेयेला. एकाच सुळक्यावर जूनमध्ये एका अंगाने ऊन येतं आणि डिसेंबरमध्ये दुसऱ्या.

उंचीचंही तसंच. मुंबईत डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य ४७ अंशांवर असतो, इथे तो दहाच्या वर चढत नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातही दुपारी जेमतेम २३ अंश. याचा फायदा असा की शरद ऋतूत आणि थंडीत दिवसभर ऊन तिरपंच असतं. आपल्याकडे नऊनंतर कॅमेरा पिशवीत जातो, इथे दुपारी एकलाही डोंगराच्या प्रत्येक घडीला सावली असते.

आता हे ग्लेनकोला लावून बघा. दरी साधारण पूर्व-पश्चिम आहे. 'थ्री सिस्टर्स' म्हणतात ते तीन प्रचंड सोंडांसारखे कडे दक्षिण बाजूला आहेत आणि त्यांची तोंडं उत्तरेला. स्वच्छ उन्हाच्या दुपारी सूर्य त्यांच्या पाठीमागे असतो, म्हणून समोरची बाजू काळी पडते आणि आकाश पांढरं फटक येतं. पर्यटकांच्या फोटोंत हे कडे निर्जीव दिसतात त्याचं कारण हेच. ढगाळ दिवशी, ढगांच्या फटींतून उन्हाचे झोत फिरत असताना, किंवा पाऊस थांबता थांबता धुक्याच्या चिंध्या कड्यांना लटकलेल्या असताना तिथे जा. स्वच्छ पहाट असेल तर बुआखलकडे जा, कारण त्याचा प्रसिद्ध चेहरा ईशान्येकडे आहे आणि सकाळचं ऊन त्यावर पडतं.

सूर्याची दिशा दाखवणारं कुठलंही ॲप चालेल. सोबत ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा एक्स्प्लोरर ३८४ क्रमांकाचा नकाशा घ्या. त्यात ग्लेनको आणि ग्लेन एटिव्ह दोन्ही येतात. मूरवर मोबाइलला रेंज भरवशाची नाही, त्यामुळे नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

दुसरं काम : वाऱ्यावरून तळं निवडा

डोंगराचं प्रतिबिंब हवं असेल तर ऊन दुय्यम, वारा मुख्य. वाऱ्याचा अंदाज इथे ताशी मैलांत देतात. पाचच्या खाली असेल तर मोठ्या तळ्यातही आरसा मिळू शकतो. त्याच्या वर गेलं की लहान, झाडांनी वेढलेलं तळं शोधायचं. अशा वेळेसाठी ग्लेनको गावाजवळचं ग्लेनको लॉखन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लॉर्ड स्ट्रॅथकोनाने कॅनडात वाढलेल्या आपल्या पत्नीला घरची आठवण सतावू नये म्हणून इथे तळं आणि उत्तर अमेरिकेतली झाडं असा बगीचाच उभा केला. ती झाडं आता उंच झाली आहेत आणि वारा अडवतात. बाहेर लॉख लेव्हनवर लाटा असताना इथे पॅप ऑफ ग्लेनको हा डोंगर (७४२ मीटर) पाण्यात स्थिर दिसतो, असं अनेकदा घडतं.

उघड्या मूरवर आडोसा नाही, तिथे एक वेगळी युक्ती लागते. वारा जमिनीवरून पाण्यावर ज्या काठाने उतरतो, त्या काठाजवळ लाट तयार व्हायला अंतरच मिळालेलं नसतं. म्हणजे वारा पश्चिमेचा असेल तर तळ्याच्या पश्चिम काठाशी पाणी बरंच शांत असतं आणि पूर्व काठावर लाटा आपटत असतात. रॅनॉख मूरवर ए८२ रस्ता दोन तळ्यांच्या मधून जातो. पश्चिमेला लॉखन ना हाख्लिश, पूर्वेला लॉख बा. रस्त्यालगत उभं राहिलात तर पहिल्याच्या पूर्व काठावर असता आणि दुसऱ्याच्या पश्चिम काठावर. पश्चिमेचा वारा असेल तर लॉख बा, पूर्वेचा असेल तर लॉखन. इतकं लक्षात ठेवलं तरी एक पहाट वाचते.

फोटो मात्र दोन्हीकडे वेगळा होणार. लॉखनवर तोंड पश्चिमेला, समोर ब्लॅक माउंटची रांग, उगवतं ऊन तुमच्या पाठीकडून थेट शिखरांवर. लॉख बा वर तोंड पूर्वेला, म्हणजे आकाशाचे रंग पाण्यात आणि बेटांवरची झाडं काळ्या आकृतींसारखी. फिल्टर, एक्स्पोजर, सगळं त्याप्रमाणे बदलतं, म्हणून हा निर्णय आदल्या रात्री व्हायला हवा.

आदली संध्याकाळ

जेवणाआधी दोन अंदाज बघायचे. एक मेट ऑफिस या इथल्या सरकारी हवामान खात्याचा, तासावार वारा आणि ढग. दुसरा माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा, पश्चिम हायलँड्ससाठीचा. त्यात शिखरांवर ढग किती खाली असतील आणि मन्रो (३,००० फुटांवरची शिखरं) ढगमुक्त असण्याची शक्यता किती टक्के, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. ८० टक्के लिहिलं असेल तर मूरवर जा, शिखरं दिसतील. २० टक्के असेल तर डोंगराचा नाद सोडा आणि धबधबे, झाडी, काठावरचे दगड यांचा बेत करा.

पाऊस पडून गेलेला दिवस, मग निरभ्र रात्र आणि वारा जवळपास शून्य, असा योग दिसला तर सगळे बेत रद्द करून धुक्याची तयारी ठेवा. थंड हवा दरीत साचते, धुकं खाली राहतं आणि शिखरं वर निघतात. पायांत बळ असेल तर अंधारात पॅप किंवा बुआखलच्या समोरचा बेन अ ख्रुलाश्त (८५७ मीटर) चढून धुक्याच्या वर जाता येतं. तो डोंगर तुम्ही आधी दिवसाउजेडी चढून बघितलेला असेल तरच.

बॅटऱ्या चार्ज करून आतल्या खिशात ठेवायच्या, कारण थंडीत त्या लवकर उतरतात. ट्रायपॉडची प्लेट कॅमेऱ्याला लावून ठेवायची. कार्ड रिकामं करायचं. अंधारात, पावसात, गारठलेल्या बोटांनी यातलं काहीही करावं लागू नये.

एक पहाट, लॉखन ना हाख्लिशवर

सूर्योदयाच्या तासभर आधी पोचा. गाडी रस्त्याकडेच्या थांब्यातच लावायची. ए८२ वर वाहनं वेगात जातात, त्यामुळे अंधारात रस्ता ओलांडताना डोक्यावरचा दिवा लावलेला असू द्या. रस्ता सोडला की गवताचे उंच झुबके आणि त्यांमधे काळं पाणी. झुबक्यांवर पाय ठेवत जायचं. हिरवंगार, मऊ शेवाळ दिसेल तिथे पाऊल टाकायचं नाही. ते खोल असतं, आणि शिवाय त्याच शेवाळापासून शेकडो वर्षांत पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जळाऊ थर) तयार होतो, ते तुडवणं बरोबर नाही. गुडघ्यापर्यंतचे गेटर्स (बुटांवरून बांधायची आवरणं) आणि वॉटरप्रूफ बूट इथे रोजच्या वापरातली गोष्ट आहे.

काठावर पोचलात की ट्रायपॉड लगेच उभा करू नका. कॅमेरा हातात घेऊन काठाने फिरा. या लॉखनमध्ये हिमनद्यांनी आणून टाकलेले शिळाखंड पाण्यातून वर आलेले आहेत, आणि पहाटेचं सगळं काम त्या दगडांच्या मांडणीचं आहे. दोन दगड एकमेकांना चिकटलेले दिसत असतील तर कॅमेरा वर घ्या. उंचीवरून त्यांच्यामधे पाण्याची पट्टी उघडते. जवळचा दगड मागच्या डोंगराच्या प्रतिबिंबाला छेदत असेल तर एक पाऊल बाजूला सरका. शिखराचं प्रतिबिंब पुरतं मावलं पाहिजे, त्याचं टोक फ्रेमच्या खालच्या कडेला कापलं जाता कामा नये. यात वीस मिनिटं जातात, आणि ती दिलीच पाहिजेत.

मग ट्रायपॉड. पाय दलदलीत सावकाश रुततात आणि लांब एक्स्पोजर हललेला येतो, म्हणून प्रत्येक पाय दाबून घट्ट थरापर्यंत न्या किंवा खाली सपाट दगड ठेवा. मधला दांडा वर काढू नका. वारा असेल तर पिशवी ट्रायपॉडला अशी टांगा की तिचं बूड जमिनीला टेकेल, लोंबकळणारी पिशवी उलट हादरे देते.

कॅमेऱ्याची मांडणी साधी ठेवा. रॉ फाइल, आयएसओ १००, अपर्चर एफ ११. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स असेल तर पावणेदोन मीटरवर फोकस केल्यास साधारण एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिमी आणि एफ ८ ला जवळपास हेच गणित जमतं. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, विवर्तनामुळे बारकावे मऊ पडतात. फोकस झाला की मॅन्युअलवर टाकून विसरा.

प्रकाश आधी ब्लॅक माउंटच्या माथ्यावर येतो. तुमच्या पायाशी अजून निळा अंधार असतो आणि स्टॉब घाब्हर (१,०९० मीटर) गुलाबी झालेला असतो. ही रेघ हळूहळू खाली उतरते. सगळ्यात चांगला क्षण बहुधा ती रेघ डोंगराच्या मध्यावर असतानाचा, कारण तेव्हा वरचं ऊन आणि खालची सावली दोन्ही शाबूत असतात. एक्स्पोजर उजळ भागावरून ठरवा: हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेड-अंधाराच्या आलेखाचा) उजवा काठ मोकळा ठेवा, सावल्या नंतर उचलता येतात. प्रतिबिंब आकाशापेक्षा थोडं काळसर असतंच, त्यामुळे दोन स्टॉपचा सॉफ्ट ग्रॅड (वर गडद आणि खाली हळूहळू पारदर्शक होणारा फिल्टर; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) पुरतो. त्याहून कडक लावला तर प्रतिबिंब आकाशापेक्षा उजळ येतं, आणि पाहणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी खटकतं. ग्रॅड नसेल तर दोन स्टॉपच्या फरकाने तीन फ्रेम घ्या.

पोलरायझर, म्हणजे चमक काढणारा फिरता फिल्टर, जपून. पूर्ण फिरवला तर पाण्यावरची चमकच जाते आणि ज्यासाठी आलात ते प्रतिबिंब पुसलं जातं. मात्र दगडांभोवतीचा उथळ तळ दाखवायचा असेल तर तोच हवा. २४ मिमीच्या खालच्या लेन्सवर निरभ्र आकाशात त्याने एक गडद डाग पडतो, तिथे काढून ठेवा.

ऊन पाण्यापर्यंत आलं की थोड्या वेळात झुळूक सुटते आणि आरसा मोडतो. बहुतेक लोक इथे सामान आवरतात. तुम्ही लांब लेन्स लावा. ७०-२०० ने रांगेतल्या डोंगरांच्या एकामागे एक घड्या, ढगांच्या सावल्या, दूरचं एकच झाड असे फोटो मिळतात, आणि चार दिवसांच्या अखेरीस यांतलेच जास्त टिकतात असा माझा अनुभव आहे.

बुआखल आणि कूपलचं पाणी

किंग्जहाउस हॉटेलच्या पुढे ग्लेन एटिव्हकडे एकपदरी रस्ता फुटतो. वळल्यावर थोड्याच अंतरावर कूपल नदीचे छोटे टप्पे लागतात आणि मागे १,०२१ मीटरचा स्टॉब डिअर्ग, बुआखलचं मुख्य शिखर, त्रिकोणासारखं उभं. हा फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. तरी काढा; तो इतक्या लोकांना आवडतो ते उगाच नाही.

इथे सगळा खेळ शटर स्पीडचा. दहा स्टॉपचा एनडी (सगळा प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर) लावून अर्धा मिनिट एक्स्पोजर दिलं की पाण्याचं दूध होतं आणि प्रवाहाची दिशाच हरवते. पाव सेकंद ते एक सेकंद ठेवलं तर पाण्याच्या रेषा राहतात. ढगाळ उजेडात नुसता पोलरायझरसुद्धा यासाठी पुरतो, शिवाय ओल्या दगडांवरची पांढरी चमक जाऊन त्यांचा तांबूस रंग निघतो. सहा स्टॉपचा एनडी १/३० चं दोन सेकंद करतो, तो भर उजेडासाठी ठेवा.

पाऊस होऊन गेल्यावर इथले दगड अतिशय निसरडे असतात आणि पाणी दिसतं त्यापेक्षा जोरात वाहतं. पाण्यात ट्रायपॉड रोवून मधल्या दगडावर उभं राहण्याची काही गरज नाही, काठावरून तोच फोटो येतो.

त्या एकपदरी रस्त्यावर जागोजाग गाडी बाजूला घ्यायचे टप्पे आहेत. ते समोरच्याला वाट देण्यासाठी आहेत, पार्किंगसाठी नाहीत. फोटोवाल्यांच्या गाड्यांनी ते अडल्याने इथल्या रहिवाशांना खूप त्रास होतो. जागा नसेल तर पुढे जा. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे, पण संधिप्रकाशात रस्त्यावर हरणं येतात, वेग आवरता ठेवा.

संध्याकाळी समुद्राच्या बाजूला

लॉख लेव्हन हे खाऱ्या पाण्याचं असल्याने भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच जा. ओहोटीला पिवळ्या-केशरी समुद्री शेवाळाने झाकलेले दगड उघडे पडतात आणि ढगाळ संध्याकाळी तोच एक उबदार रंग फोटोला तोलून धरतो. भरतीला ते सगळं झाकून स्वच्छ पाणी मिळतं. ग्लेनको गावाच्या काठावरून पश्चिमेला बघितलं की बेटं, बॅलाहूलिशचा पूल आणि लॉख लिनीच्या पलीकडच्या आर्डगोरच्या रांगा एका रेषेत येतात. परत आल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा. मिठाने खटके धरतात.

धुक्याची सकाळ मिळणार असं वाटलं आणि गाडी हाताशी असेल, तर एक दिवस दक्षिणेला लॉख ऑ वर किलखर्न किल्ल्यासाठी द्या. पंधराव्या शतकात कॅम्पबेलांनी बांधलेला हा किल्ला तळ्याच्या टोकाला सखल जमिनीवर आहे, त्यामुळे धुकं त्याच्याभोवतीच साचतं. ए८१९ रस्त्याच्या बाजूच्या काठावरून पाण्यापलीकडे तो पूर्ण दिसतो.

पाऊस, मिज आणि पाय

सह्याद्रीत जुलैत कॅमेरा चालवलेल्यांना पावसाची भीती नसते. फरक एवढाच की इथला पाऊस आडवा येतो, त्यामुळे छत्री निरुपयोगी. पाठ वाऱ्याकडे करा, लेन्सला हूड ठेवा, कॅमेरा खाली तोंड करून धरा आणि फ्रेम तयार झाल्यावरच वर उचला. मायक्रोफायबरची चार-पाच फडकी वेगवेगळ्या कोरड्या खिशांत असू द्या. एक भिजलं की ते पुन्हा वापरू नका, पाणी नुसतं पसरतं. जागा सोडण्याआधी एक फोटो पूर्ण मोठा करून थेंबाचा डाग नाही ना ते बघा. मुक्कामी उबदार खोलीत गेल्यावर पिशवी तासभर बंदच ठेवा, नाहीतर लेन्सच्या आत बाष्प धरतं. मुंबई-कोकणात परतण्याआधी सगळं नीट वाळवा, ओल तशीच राहिली तर आपल्या हवेत बुरशी लागायला वेळ लागत नाही.

मिज मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत असतात, पहाटे आणि संध्याकाळी जास्त. वारा ताशी सात मैलांच्या वर गेला की त्यांना उडता येत नाही. म्हणजे ज्या शांत हवेत प्रतिबिंब मिळतं, नेमक्या त्याच हवेत हेही असतात. चेहऱ्यावर घ्यायची बारीक जाळी आणि स्मिजसारखं औषध जवळ ठेवा. गवतातून चालून आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला गोचिडी बघायच्या. त्यांच्यामुळे लाइम आजार होतो, आणि त्या चिमट्याने सरळ ओढून काढाव्या लागतात.

थंडीत रस्ता सोडून वर चढायचं असेल तर आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे) आणि ते वापरण्याचं शिक्षण हवं, आणि हिमस्खलनाचा रोजचा अंदाज वाचायला हवा. हे नसेल तर रस्त्याच्या पातळीवरून मिळणारे फोटो भरपूर आहेत. अडचण आली तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने चालण्याचा आणि तंबू टाकण्याचा हक्क सगळ्यांना आहे. लॉख लोमंडच्या राष्ट्रीय उद्यानात काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर तंबूसाठी परवाना लागतो. पीटच्या जमिनीवर शेकोटी कधीही नाही. आग जमिनीखालून धुमसत राहते. ड्रोन आणणार असाल तर इथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, भारतातली नोंदणी चालत नाही.

गाडी नसेल तर

तरीही हे सगळं जमतं. ग्लासगोहून फोर्ट विल्यमकडे जाणाऱ्या सिटीलिंक बस ग्लेनकोतून जातात. गावात मुक्काम केलात तर ग्लेनको लॉखन आणि लॉख लेव्हन दोन्ही पायी होतात. मूरवरच्या तळ्यांसाठी मात्र बसच्या वेळा पहाटेला जुळत नाहीत, म्हणून त्याऐवजी रेल्वे घ्या. ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून सुटणारी वेस्ट हायलँड लाइनची गाडी रॅनॉख मूर आडवं ओलांडून कोरूरला थांबते. ४०८ मीटरवरचं हे ब्रिटनमधलं मुख्य मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन, आणि तिथे सार्वजनिक मोटाररस्ता पोचतच नाही. स्टेशनपासून दीडएक किलोमीटर चाललं की लॉख ऑसिअनचा पश्चिम काठ येतो, आणि काठावरच हॉस्टेल आहे. हे तळं नैऋत्य-ईशान्य पसरलेलं आहे, त्यामुळे मेमध्ये पश्चिम टोकावर उभं राहिलात तर ऊन तळ्याच्या लांबीवरूनच तुमच्याकडे येतं. रात्रीचा मुक्काम केला तरच ते दिसेल. हॉस्टेलच्या खाटा थोड्या आहेत आणि वर्षातले काही महिने ते बंद असतं, म्हणून तिकिटाआधी खाट पक्की करा. कोरूरला दिवसाला मोजक्याच गाड्या थांबतात. परतीच्या गाडीची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा आणि तिच्या अर्धा तास आधी फलाटावर या.